गुग्गुळ, जव आणि कोलेस्टेरॉल

चेन्नई शहराच्या वायव्येकडील अंबत्तूर हे उपनगर प्रामुख्याने कारखान्यांसाठी ओळखले जाते. १९४९ साली येथे सायकली तयार करणारा मोठा कारखाना निघाला आणि १९६४ साली लघुउद्योगांसाठी विस्तीर्ण औद्योगिक वसाहत उभारण्यात आली. तळी आणि शेते यांचा हा परिसर काही दशकांतच यंत्रांच्या आवाजाने भरून गेला, आणि २०११ साली तो चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाला. या बदलाबरोबर येथील माणसांचे आयुष्यही बदलले. शेतावर राबणाऱ्या पिढीची मुले पाळ्यांमध्ये काम करू लागली. चालणे कमी झाले, तळलेले पदार्थ सहज मिळू लागले, आणि संसर्गजन्य रोगांच्या भीतीची जागा हळूहळू हृदयविकाराच्या भीतीने घेतली.

याच परिसरात, अयप्पाक्कम येथे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय जानपदिक रोगविज्ञान संस्था आहे. एखादा रोग लोकसमूहात किती प्रमाणात आढळतो, कोणाला होतो आणि कशामुळे होतो, याचा शोध घेणे हे तिचे काम. १९९९ साली स्थापन झालेल्या या संस्थेतील संशोधकांनी चेन्नईतील औद्योगिक कामगारांमध्ये हृदयरोगाला पोषक ठरणाऱ्या घटकांची पाहणी केली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर झालेल्या एका देशव्यापी पाहणीत १,१३,०४३ प्रौढ व्यक्तींची तपासणी करण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार भारतातील सुमारे २४ टक्के प्रौढांच्या रक्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाजवीपेक्षा अधिक आहे.

रक्ततपासणीच्या अहवालात हा आकडा वाढलेला दिसला, की बहुतेक माणसांच्या मनात पहिला विचार येतो तो गोळ्या टाळण्याचा. तमिळनाडूतील गावोगावच्या बाजारपेठांत ‘नाट्टु मरुंदु’ म्हणजे देशी औषधे विकणारी दुकाने असतात, आणि महाराष्ट्रातील गावांत काष्ठौषधींची दुकाने असतात. मेथी, त्रिफळा, इसबगोल, गुग्गुळ अशा वस्तू तेथे पिढ्यान्पिढ्या मिळत आल्या आहेत. आता त्यांतील अनेक वस्तू अर्काच्या रूपात, आकर्षक डब्यांतून, कोलेस्टेरॉल कमी करणारे ‘नैसर्गिक पूरक’ म्हणूनही विकल्या जातात. या वस्तूंपैकी कोणती खरोखर उपयोगी आहे, कोणती निरुपयोगी आहे आणि कोणती अपायकारक ठरू शकते, हे कसे ठरवावे? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी गुग्गुळाच्या इतिहासाइतके उद्बोधक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. कारण या इतिहासात प्राचीन ग्रंथ आहे, आधुनिक प्रयोगशाळा आहे, यश आहे आणि अपेक्षाभंगही आहे.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये तो प्रथम पित्ताशयातील खड्यांमध्ये आढळला. त्याचे नाव आज भीतीने घेतले जात असले, तरी त्याच्यावाचून शरीराचे चालत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. अनेक संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व त्याच्यापासून तयार होतात. आणि अन्नातील स्निग्ध पदार्थ पचवण्यासाठी लागणारी पित्ताम्ले यकृत त्याच्यापासूनच बनवते. शरीराला लागणारे बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. आहारातून येणारा वाटा त्या मानाने लहान असतो.

हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तातून जाताना तो प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांमधून वाहून नेला जातो. यांपैकी कमी घनतेच्या कणांना एल.डी.एल. म्हणतात. रक्तातील या कणांची संख्या दीर्घकाळ अधिक राहिली, तर ते रोहिण्यांच्या भित्तीत शिरतात, तेथे साचून राहतात आणि कालांतराने रोहिणीचा मार्ग अरुंद होतो. १९१३ साली रशियातील निकोलाय अनिचकोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांमध्ये असे थर निर्माण होतात हे दाखवले. रक्तातील एल.डी.एल.चे कण यकृत कसे ओढून घेते, याचा उलगडा अमेरिकेतील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी केला आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. यकृतातील पेशींना कोलेस्टेरॉलची गरज भासू लागली, की त्या आपल्या पृष्ठभागावरील ग्राहकांची संख्या वाढवतात आणि रक्तातून अधिक एल.डी.एल. शोषून घेतात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या अनेक उपायांचे, मग ते प्रयोगशाळेतील असोत वा स्वयंपाकघरातील, मर्म हेच आहे.

एका जुन्या ग्रंथातून निघालेला शोध

गुग्गुळ हा कॉमिफोरा वाइटिआय या काटेरी झुडपाचा वाळलेला चीक होय. कच्छ आणि राजस्थान येथील रखरखीत जमिनीवर हे झुडूप वाढते. ब्रिटिश काळात मद्रास इलाख्यात काम केलेले वैद्यक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांच्या नावावरून त्याच्या जातीला हे शास्त्रीय नाव मिळाले. महाराष्ट्रातील घरांमध्ये गुग्गुळ धुपासाठी परिचित आहे, आणि योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ ही नावे आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्यांच्या तोंडी असतात.

बनारस हिंदू विद्यापीठात संशोधन करणाऱ्या जी. व्ही. सत्यवती यांचे लक्ष सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाकडे वेधले गेले. मेद वाढल्याने शरीरातील स्रोतांचे मार्ग कसे रोधले जातात आणि त्यातून कोणते विकार उद्भवतात, याचे तेथे विवेचन आहे. रोहिण्या अरुंद होण्याच्या आधुनिक कल्पनेशी हे वर्णन जुळते की काय, असा प्रश्न सत्यवती यांना पडला. ग्रंथाने सुचवलेल्या उपायांमध्ये गुग्गुळ होता. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवलेल्या सशांना त्यांनी गुग्गुळ देऊन पाहिला. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले आणि रोहिण्यांतील विकृतीपासूनही त्यांना काहीसे संरक्षण मिळाले. १९६६ साली हा प्रबंध त्यांनी विद्यापीठाला सादर केला. पुढे सत्यवती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला होत.

या ठिकाणी एक गोष्ट नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण तिचा संदर्भ पुढे येणार आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात गुग्गुळाचा उल्लेख एकट्याने आलेला नाही. शिलाजीत, त्रिफळा, मध यांच्याबरोबर तेथे जव, मूग, कोद्रू आणि सावे ही धान्येही सांगितली आहेत, आणि व्यायामही सांगितला आहे. विसाव्या शतकातील संशोधकांनी या यादीतून गुग्गुळ उचलला. त्यात अस्वाभाविक असे काही नव्हते. प्रयोगशाळा नेहमी एकेक घटक वेगळा काढूनच तपासते. परंतु यादीतील उरलेल्या गोष्टींकडे त्यामुळे बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही.

पुण्यातील रसायनशास्त्र, लखनौमधील औषध

वनस्पतीचा चीक हे शेकडो रासायनिक द्रव्यांचे मिश्रण असते. त्यातील नेमके कोणते द्रव्य काम करते हे शोधण्याचा प्रयत्न पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाला. तेथे सुख देव आणि त्यांचे सहकारी व्ही. डी. पाटील व यू. आर. नायक यांनी गुग्गुळाचे पद्धतशीर पृथक्करण केले आणि १९७२ मध्ये त्यातील स्टेरॉइड वर्गातील संयुगांची रचना प्रसिद्ध केली. या संयुगांना गुग्गुलस्टेरोन हे नाव मिळाले.

याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत गुग्गुळापासून औषध तयार करण्याचे काम सुरू होते. कच्चा गुग्गुळ घेणाऱ्यांना पोटाचे विकार आणि अंगावर पुरळ असे त्रास होत असत. संस्थेने गुग्गुळाचा शुद्ध केलेला अर्क तयार केला, त्यातील गुग्गुलस्टेरोनचे प्रमाण निश्चित केले आणि त्याला गुगुलिपिड असे नाव दिले. १९८६ साली या अर्काच्या विक्रीस औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. प्राचीन ग्रंथातील एका सूचनेपासून निघून प्राण्यांवरील प्रयोग, रासायनिक पृथक्करण आणि रुग्णांवरील चाचण्या असा सर्व प्रवास देशातच पूर्ण केलेले हे औषध होते, आणि त्याचे सर्वत्र कौतुक झाले.

या औषधाच्या चाचण्या मुंबई, नागपूर, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ आणि वाराणसी या शहरांत झाल्या. त्यांचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ते बारकाईने पाहण्याजोगे आहेत. पहिल्या चाचणीत २०५ रुग्णांना बारा आठवडे गुगुलिपिड देण्यात आले. ही चाचणी खुली होती, म्हणजे औषध दिले जात आहे हे रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही ठाऊक होते. यातील ७० ते ८० टक्के रुग्णांचे कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरले. दुसऱ्या चाचणीत गुगुलिपिडची तुलना त्या काळी प्रचलित असलेल्या क्लोफायब्रेट या औषधाशी करण्यात आली. कोणाला कोणते औषध मिळत आहे हे या वेळी रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. या चाचणीत गुगुलिपिडमुळे झालेली सरासरी घट ११ टक्के भरली, आणि क्लोफायब्रेटमुळे झालेली १० टक्के.

या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, कारण पहिला आकडा केवळ गुण आलेल्या रुग्णांचा आहे. तरीही त्यांतील अंतर बोलके आहे. औषध घेत असल्याची जाणीव माणसाला आहारही सांभाळायला लावते. डॉक्टरचा उत्साहही परिणाम घडवतो. आणि ज्यांना गुण आला तेवढ्यांचीच सरासरी काढली, तर आकडा आपोआप फुगतो. म्हणूनच औषधाची परीक्षा करताना तुलनेसाठी दुसरा गट असणे आणि कोणत्या गटाला काय दिले हे झाकून ठेवणे आवश्यक मानले जाते.

या पद्धतीचे सामर्थ्य मद्रास शहराने पूर्वीच अनुभवले होते. १९५६ साली तेथे क्षयरोगावरील औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. क्षयरोग्याला आरोग्यधामात विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार मिळालाच पाहिजे अशी तेव्हा सर्वांची ठाम समजूत होती. केंद्राने १९३ रुग्णांचे दोन गट केले. एक आरोग्यधामात राहिला, तर दुसऱ्याने शहरातील आपापल्या दाटीच्या घरांत राहून तीच औषधे घेतली. घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभरातील क्षयरोगाच्या उपचारांची दिशा बदलली. शहाण्या माणसांची एकमुखी समजूतही तुलनेच्या कसोटीवर चुकीची ठरू शकते, हे त्यातून दिसले.

आकडा उतरणे आणि आयुष्य वाढणे

गुगुलिपिड क्लोफायब्रेटच्या बरोबरीचे ठरले, ही १९८९ मध्ये समाधानाची गोष्ट वाटली. परंतु खुद्द क्लोफायब्रेटची कथा वेगळीच होती. एडिंबरो, बुडापेस्ट आणि प्राग येथील सुमारे १५,००० पुरुषांवर केलेल्या त्याच्या मोठ्या चाचणीचा अहवाल १९७८ साली प्रसिद्ध झाला होता. या औषधाने कोलेस्टेरॉल सुमारे ९ टक्क्यांनी उतरले आणि प्राणघातक न ठरणारे हृदयविकाराचे झटके कमी झाले. पण औषध घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू मात्र अधिक झाले. रक्तातील एक आकडा सुधारला म्हणून माणसाचे आयुष्य वाढेलच असे नाही, हा धडा वैद्यकशास्त्राला येथे मिळाला.

कोलेस्टेरॉल उतरवल्याने मृत्यू टळतात, याचा निःसंदिग्ध पुरावा १९९४ साली स्कँडिनेव्हियातून आला. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवरील या चाचणीत सिम्व्हास्टॅटिन हे औषध घेणाऱ्या गटातील मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हापासून कोलेस्टेरॉलवरील कोणत्याही उपायाला दोन प्रश्न विचारले जातात. आकडा उतरतो काय? आणि झटके व मृत्यू कमी होतात काय? गुग्गुळाची परीक्षा पहिल्या प्रश्नापुरतीच झालेली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतकी मोठी आणि दीर्घ चाचणी त्याच्या वाट्याला आलेली नाही.

अपेक्षाभंग

२००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी गुग्गुलस्टेरोनच्या कार्याचा एक मार्ग शोधून काढला. यकृतातील पेशींमध्ये पित्ताम्लांची पातळी ओळखणारे एक ग्राहक प्रथिन असते. पित्ताम्ले पुरेशी झाली, की हे प्रथिन कोलेस्टेरॉलपासून नवी पित्ताम्ले बनवण्याचे काम थांबवते. गुग्गुलस्टेरोन या प्रथिनालाच अडवते. परिणामी यकृताने अधिक कोलेस्टेरॉल पित्ताम्लांच्या निर्मितीसाठी खर्च करावे, अशी अपेक्षा होती. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन नव्हते, त्यांच्या यकृतातील कोलेस्टेरॉलवर गुग्गुलस्टेरोनचा परिणाम झाला नाही. सुश्रुताच्या वचनाला रेणूंच्या पातळीवर आधार मिळाल्यासारखे वाटले.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढांचे तीन गट केले. एका गटाला औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी दिली. दुसऱ्याला गुग्गुळाच्या अर्काची नेहमीची मात्रा दिली आणि तिसऱ्याला दुप्पट मात्रा दिली. आठ आठवड्यांनंतर औषध न मिळालेल्या गटाचे एल.डी.एल. ५ टक्क्यांनी उतरले होते. गुग्गुळ घेणाऱ्या दोन्ही गटांचे मात्र अनुक्रमे ४ आणि ५ टक्क्यांनी वाढले होते. काहींच्या अंगावर पुरळही उठले. २००९ साली नॉर्वेत ४३ व्यक्तींवर बारा आठवडे केलेल्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल किंचित उतरले, पण एल.डी.एल.मध्ये उल्लेखनीय फरक पडला नाही.

भारतातील आणि अमेरिकेतील निष्कर्षांत एवढे अंतर का पडले असावे? अमेरिकेतील व्यक्तींचा आहार मांसाहारी आणि स्निग्धबहुल होता. भारतातील रुग्णांनी चाचणीपूर्वी आठ आठवडे पथ्य सांभाळले होते. आनुवंशिक भेदही असू शकतील. ही कारणे विचारात घेण्याजोगी असली, तरी ती अजून सिद्ध झालेली नाहीत. उंदराच्या यकृतात दिसलेली यंत्रणा खरी असूनही माणसाच्या रक्तात अपेक्षित परिणाम दिसेलच असे नाही, एवढे मात्र निश्चित झाले.

गुग्गुळाची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. रक्तदाब आणि हृदयविकार यांसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या औषधांबरोबर गुगुलिपिड घेतल्यास त्या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, असे एका भारतीय अभ्यासात १९९४ साली दिसून आले. कोलेस्टेरॉलची चिंता करणाऱ्या अनेकांना नेमकी हीच औषधे चालू असतात. आपण ‘केवळ एक झाडपाल्याची गोळी’ घेत आहोत, म्हणून डॉक्टरांना सांगण्याची गरज नाही, असे समजणे त्यामुळे धोक्याचे आहे.

यादीतील उरलेल्या गोष्टी

गुग्गुळाविषयीची अमेरिकेतील चाचणी ज्या वैद्यकीय नियतकालिकात ऑगस्ट २००३ मध्ये छापली गेली, त्याच नियतकालिकात तीन आठवडे आधी टोरोंटो येथील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्यांनी ४६ व्यक्तींचे तीन गट केले. पहिल्या गटाने केवळ कमी स्निग्धतेचा आहार घेतला, दुसऱ्याने त्या आहाराबरोबर लोव्हास्टॅटिन हे औषध घेतले, आणि तिसऱ्या गटाच्या आहारात जव, ओट, इसबगोल, भेंडी, वांगी, सोयाबीन, बदाम आणि वनस्पतिज स्टेरॉल यांचा एकत्रित समावेश होता. महिन्याभरात एल.डी.एल. पहिल्या गटात ८ टक्क्यांनी, दुसऱ्या गटात ३०.९ टक्क्यांनी आणि तिसऱ्या गटात २८.६ टक्क्यांनी उतरले. मात्र हे लक्षात ठेवावयास हवे, की या व्यक्तींना सर्व अन्न तयार करून पुरवले गेले होते. रोजच्या जीवनात इतका काटेकोर आहार पाळणे कठीण असते आणि त्यामुळे लाभही कमी मिळतो.

या पदार्थांपैकी जव, ओट, इसबगोल आणि भेंडी यांच्यात एक समान गुण आहे. पाण्यात भिजले, की ते बुळबुळीत होतात. भिजवलेल्या इसबगोलाचा लगदा किंवा चिरलेल्या भेंडीची तार ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको. हा बुळबुळीत तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि मलावाटे बाहेर नेतो. गमावलेली पित्ताम्ले भरून काढण्यासाठी यकृताला नवी पित्ताम्ले तयार करावी लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल लागते, आणि ते यकृत रक्तातून ओढून घेते. गुग्गुलस्टेरोनकडून यकृताच्या आत जे घडावे अशी अपेक्षा होती, तेच हा साधा तंतू आतड्याच्या बाजूने घडवून आणतो. दिवसाला सुमारे ७ ग्रॅम विद्राव्य तंतू मिळेल एवढे इसबगोल, किंवा ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान मिळेल एवढे ओट वा जव नियमित घेतल्यास एल.डी.एल. साधारणतः ५ ते १० टक्क्यांनी उतरते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. दिवसाला २ ग्रॅम वनस्पतिज स्टेरॉल घेतल्यानेही जवळजवळ तेवढीच घट होते. मेथीच्या दाण्यांवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत अभ्यास झाले आणि त्यांत अनुकूल परिणाम दिसले. पण ते थोड्या व्यक्तींवरील आणि अल्प मुदतीचे होते.

सुश्रुताच्या यादीत गुग्गुळाशेजारी जव होते, हे येथे आठवते. जवाची भाकरी आणि मुगाचे वरण यांत नवल वाटण्यासारखे काही नसल्यामुळे त्यांचा अर्क काढून डबीत भरण्याची घाई कोणाला झाली नाही. तथापि त्या यादीतील जवाच्या बाजूचा पुरावा आज गुग्गुळाच्या पुराव्यापेक्षा भक्कम आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ

नैसर्गिक पदार्थ दुर्बळ पण निर्धोक असतात, असा एक समज आहे. लाल यीस्टचा तांदूळ या पदार्थाने तो खोटा ठरवला आहे. चीन आणि जपानमध्ये तांदळावर एक विशिष्ट बुरशी वाढवून हा लाल पदार्थ तयार करतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशींपासून कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारी द्रव्ये मिळवली. १९७९ मध्ये त्यांनी या लाल बुरशीच्या कुळातून एक द्रव्य वेगळे केले, आणि ते दुसऱ्या एका बुरशीतून स्वतंत्रपणे मिळालेल्या लोव्हास्टॅटिनशी एकरूप असल्याचे आढळले. लोव्हास्टॅटिनला १९८७ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे स्टॅटिन वर्गातील पहिली औषधेही मूळची नैसर्गिकच होत.

चीनमध्ये या लाल तांदळाचा प्रमाणित अर्क पूर्वी झटका येऊन गेलेल्या ४,८७० रुग्णांना देऊन पाहण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातील पुढील झटके लक्षणीय प्रमाणात कमी झाले. परंतु ज्या कारणाने तो उपयोगी पडतो, त्याच कारणाने त्यात स्टॅटिनचे दुष्परिणामही असतात. आणि बाजारातील डब्यांमध्ये ते द्रव्य किती आहे, याचा भरवसा नसतो. २०२४ साली जपानमध्ये अशा एका पूरकात दूषित द्रव्य शिरल्यामुळे अनेकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि तो माल बाजारातून परत घ्यावा लागला.

इतर लोकप्रिय पूरकांची परीक्षा अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एकत्रितपणे झाली. सुमारे १९० व्यक्तींना चार आठवडे माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिज स्टेरॉल, लाल तांदळाचा अर्क, रोसुव्हास्टॅटिनची अवघी ५ मिलिग्रॅमची गोळी किंवा औषधविरहित गोळी देण्यात आली. रोसुव्हास्टॅटिनने एल.डी.एल. सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवले. सहा पूरकांपैकी एकाचाही परिणाम औषधविरहित गोळीपेक्षा उल्लेखनीय ठरला नाही. चाचणीचा काळ अल्प होता आणि प्रत्येक गट लहान होता, हे मान्य करूनही अंतर मोठे आहे. अर्थात यावरून लसूण किंवा हळद स्वयंपाकातून वगळावी असा अर्थ होत नाही. औषधाच्या जागी त्यांच्या गोळ्या घेऊ नयेत, एवढाच होतो.

झुडपाची किंमत

गुग्गुळाच्या लोकप्रियतेची एक किंमत खुद्द त्या झुडपाने मोजली आहे. चीक देण्याजोगे होण्यास त्याला आठ-दहा वर्षे लागतात. अधिक चीक मिळावा म्हणून खोडावर खोल घाव घातले जातात आणि त्यांना दाहक लेप लावले जातात; असे झुडूप पुष्कळदा चीक देऊन वाळून जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही जाती अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदवली आहे. पुरावा अनिश्चित असलेल्या औषधासाठी एक जाती नाहीशी होऊ देणे कितपत योग्य, याचा विचार गिऱ्हाइकानेही करावयास हवा.

रुग्णाने काय करावे?

या सर्व विवेचनातून काही व्यवहार्य निष्कर्ष निघतात. ज्याच्या रक्तातील एल.डी.एल. थोडेसेच वाढले आहे आणि ज्याला मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यातील हृदयविकार यांचा धोका नाही, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने आहार आणि व्यायाम यांवर भर देऊन पुन्हा तपासणी करून घेणे योग्य ठरते. जव, ओट, कडधान्ये, भेंडी, मूठभर शेंगदाणे वा बदाम, आणि तूप व वनस्पती तुपाऐवजी बेताने वापरलेले तेल, यांचा लाभ होतो. इसबगोल घेताना भरपूर पाणी प्यावे, आणि इतर औषधे व इसबगोल यांच्या वेळांत काही तासांचे अंतर ठेवावे.

ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्याला मधुमेह आहे, किंवा ज्याचे कोलेस्टेरॉल आनुवंशिक कारणाने अतिशय वाढलेले आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. अशा रुग्णाने चालू असलेली स्टॅटिनची गोळी बंद करून त्याऐवजी कोणतेही पूरक घेणे म्हणजे सिद्ध झालेले संरक्षण सोडून देणे होय. त्याच्यासाठी आहार हा गोळीच्या जोडीला आहे. तो गोळीची जागा घेऊ शकत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि यकृताचा किंवा थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी गुग्गुळ किंवा लाल तांदळाचा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि जे काही घेतले जात असेल, मग ते वैद्यांनी दिलेले असो वा शेजाऱ्याने सुचवलेले असो, ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

अंबत्तूरमधील कामगाराला तपासणीनंतर हाती मिळालेला आकडा त्याच्या एकट्याचा असतो; पण त्या आकड्याचा अर्थ हजारो अनोळखी माणसांच्या नोंदींमधून ठरलेला असतो. त्याच्या वसाहतीजवळच्या संस्थेत अशाच नोंदींचे काम चालते. सत्यवती यांनी जुन्या ग्रंथातील वचन घेऊन सशांवर प्रयोग केला, तेव्हा त्यांनी ते वचन पूज्य म्हणून स्वीकारले नाही, की जुने म्हणून टाकूनही दिले नाही. ते तपासून पाहिले. पुढील साठ वर्षांत त्या तपासणीचा निकाल गुग्गुळाच्या बाजूने तितकासा लागला नाही. जवाच्या बाजूने मात्र तो लागला आहे, आणि जव मिळवण्यासाठी कोणत्याही झुडपावर घाव घालावा लागत नाही.